ऐकणाऱ्याचे ऋण



आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ‘जर्मन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांची पालखी देहूतून प्रस्थान ठेवते, पहिली रात्र इनामदार वाड्यात काढते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या मुक्कामात चुलाणावर जी मोठाली पातेली चढतात, त्यांना आपल्या जुन्या आयाबाया अजून ‘जर्मनची’ म्हणतात. ॲल्युमिनियम हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसलाच नाही. हा एक अर्थ. दुसरा अर्थ चाकणचा. तिथे २००९ पासून फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्यांच्या मोटारी तयार होतात. आपल्या दिंड्यांतली कितीतरी तरुण मुले या आणि अशाच कारखान्यांत पाळी सांभाळून वारीसाठी रजा मागतात. त्यांच्या घरी ‘जर्मन’ म्हणजे काटेकोर, पक्के, मिलिमीटरचीही चूक न चालणारे काम.

आज मला तुमच्याशी तिसऱ्या जर्मनाविषयी बोलायचे आहे. तो भांड्याचा नाही, मोटारीचाही नाही. तो आपल्या लोकांजवळ बसून त्यांची गाणी ऐकणारा होता. त्याचे नाव गुंथर सोन्थायमर. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल. त्याच्यामुळे एक प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस घर करून आहे. आपल्या दारी येऊन आपली वस्तू आपल्यालाच ओळखून दाखवणाऱ्या परक्या माणसाचे आपण काय लागतो? त्याचे ऋण कसले, आणि ते फेडायचे कसे?

आधी माणूस कोण ते सांगतो. सोन्थायमर यांचा जन्म १९३४ सालचा, जर्मनीतल्या उल्म गावचा. शिक्षण कायद्याचे. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाची पद्धत, वाटणी, वारसा यांबद्दल धर्मशास्त्रे काय सांगतात हा त्यांचा पहिला विषय, आणि त्यावर त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला. पोथ्यांतल्या कायद्याचा अभ्यास करायला आलेला हा माणूस पुण्यात राहिला, मराठी शिकला आणि हळूहळू पोथ्यांतून उठून माळरानावर गेला. धनगरांच्या मेंढ्यांच्या मागे, बिरोबाच्या, म्हस्कोबाच्या, खंडोबाच्या ठाण्यांवर, जत्रांत, वाड्यांवर. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तीन देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली आले. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ते शिकवत. हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी आपल्या वारीवर एक चित्रपटही केला. १९९२ साली, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले.

हे वाचताना तुमच्यापैकी काहींच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. आपला विठोबा, आपला खंडोबा, आपले धनगर. ते आपल्याला कळायला हायडेलबर्गहून माणूस कशाला यावा लागतो? या शंकेच्या पोटात मात्र दोन वेगळी माणसे बसलेली असतात. एक म्हणतो, परक्याला काय कळणार आमच्या देवाचे. दुसरा नेमका उलटा. परक्याने वाखाणले की त्याची छाती फुगते. परदेशातला विद्वान वारीत चालला, त्याने पुस्तक लिहिले, आता आमची वारी जगाने मानली! पहिला दार लावून घेतो आणि दुसरा दारात पाटी लावतो. त्या माणसाने काय पाहिले हे दोघेही विचारत नाहीत. मला या दुसऱ्याची काळजी जास्त वाटते, कारण तो आपल्यात वाढतो आहे. कारखान्यात गोऱ्या साहेबाने पाठ थोपटली की दिवस चांगला जातो, हे समजू शकते. पोटाचा प्रश्न आहे. पण विठ्ठलाच्या बाबतीतही आपण साहेबाच्या शिक्क्याची वाट पाहू लागलो, तर कपाळावरचा बुक्का कशासाठी?

परक्याच्या बाबतीत आपल्या परंपरेची रीत काय आहे ते पालखीच्या वाटेवरच दिसते. पालखी देहूतून निघाली की पहिली अभंग आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी. हा फकीर तुकोबांच्या दारी भिक्षेला आला, त्याचा कटोरा कुठेच भरत नव्हता आणि तुकोबांच्या लेकीने घातलेल्या चिमूटभर पिठाने तो भरला, अशी आख्यायिका आपण कीर्तनात ऐकतो. त्याच्या धर्माचा दाखला कोणी मागितला नाही. तो आला, त्याला दाणा मिळाला, त्याने ओळखले, आणि त्याला वाटेवरचा पहिला मान मिळाला. परका म्हणून धुडकावणे नाही आणि परका म्हणून डोक्यावर घेणेही नाही. आला तो कशासाठी आला, एवढेच पाहायचे.

आता सोन्थायमर कशासाठी आले होते ते पाहू. त्यांचे काम म्हटले तर समीक्षेचे, म्हटले तर इतिहासाचे. गाणे ऐकायचे, उतरवायचे, त्याचा अर्थ लावायचा, ते कोणत्या जुन्या गाण्याशी आणि कोणत्या पोथीशी जोडलेले आहे ते शोधायचे. आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, टीका. आज आपण टीका म्हणजे दोष काढणे असे धरतो. राजकारणी एकमेकांवर करतात ती टीका. पण माऊलींनी गीतेवर जे लिहिले तीही टीकाच. भावार्थदीपिका ही टीका आहे आणि ज्ञानोबाराय टीकाकार आहेत. मूळ वचनाशेजारी बसायचे, त्याच्या पोटात काय दडले आहे ते दुसऱ्याच्या हाती लागेल अशा बोलीत मांडायचे, हा त्या शब्दाचा अर्थ आपल्या घरचा आहे. पुढे शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती पाहून, त्यांत शिरलेले पाठ काढून ग्रंथ शुद्ध केला. आजच्या विद्यापीठात यालाच पाठचिकित्सा म्हणतात आणि त्यावर पदव्या मिळतात. आपल्याकडे ती एका संताने सेवा म्हणून केली. तेव्हा ‘हे अभ्यासक देवाची चिरफाड करतात’ असे कोणी म्हटले की मला नाथमहाराज आठवतात. चिरफाड करणारेही असतात, नाही असे नाही. पण कोण कसा, ते त्याच्या हाताकडे पाहून ठरवावे, त्याच्या डिग्रीकडे पाहून नव्हे.

सोन्थायमर यांचा हात कुठे होता? आपण सहसा जिथे पाहत नाही तिथे. हिंदू धर्म म्हणजे काय याची मांडणी करताना त्यांनी पाच धारा सांगितल्या आहेत: ब्राह्मणांचे ग्रंथ आणि शिकवण, संन्याशांचे वैराग्य, आदिवासींचा धर्म, गावोगावचा लोकधर्म आणि भक्ती. या पाचांत वरची-खालची अशी उतरंड लावण्यापेक्षा त्या एकमेकींत कशा मिसळतात, एकमेकींना काय देतात-घेतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. धनगराचा देव दूर कुठे स्वर्गात नसतो, तो इथेच असतो, जागृत असतो, अंगात येतो, रुसतो, शिकारीला जातो, लग्न करतो. माळकऱ्याला हे सगळेच पटणार नाही. बिरोबाला दाखवला जाणारा नैवेद्य आपल्या पंगतीत येणार नाही, आणि यावा असे मीही म्हणत नाही. पण विटेवर उभा असलेला आपला देवही इथेच, या मातीवर, माणसाची वाट पाहत उभा आहे ना? वैकुंठ सोडून तो खाली आला हीच तर आपली सगळी कथा.

इथे आपल्याच मावळातल्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे. जन्म १९३०, गाव निगडे, मावळ तालुका. आकुर्डीशेजारची निगडी नव्हे, आंदर मावळातले निगडे. अण्णांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ साली आला आणि १९८७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पंढरीच्या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात आहे, हे त्यांनी त्यात अनेक पुराव्यांनी मांडले. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव हे दोन देव जोडीने पुजले जातात, तिथल्या जत्रेत धनगरांचे ढोल वाजतात, भंडारा उधळला जातो. अशी ठाणी त्यांनी समोर ठेवली. ढेरे आणि सोन्थायमर यांचा स्नेह होता. एकाने पोथ्या, शिलालेख, दैवतकथा धुंडाळल्या, दुसऱ्याने वाड्यांवरची गाणी. ढेरे यांच्या त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही पुढे २०११ साली फेल्डहाउस यांनीच केले. हा ग्रंथ आला तेव्हा आपल्यातल्या काही जणांना तो टोचला. परब्रह्म म्हणावे आणि मग त्याला गुराख्याचा देव म्हणावे, हे कसे? मला यात आजवर विरोध दिसलेला नाही. गोकुळात जो गाई राखत होता त्याला आपण परब्रह्मच म्हणतो. मग माणदेशात, बारामतीकडे मेंढ्या राखणाऱ्याला म्हणायला अडचण कोठे येते? अडचण देवाची नसते, राखणाऱ्याच्या जातीची असते. कटू आहे, पण खरे आहे.

आणि वारीला हे माहीत आहे. तुकोबांची पालखी बारामतीच्या पुढे काटेवाडीत पोहोचते तेव्हा परीट समाजाचे लोक पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर आपल्या मेंढ्यांचे कळप पालखीभोवती धावायला सोडतात. मेंढ्यांचे रिंगण. घोड्यांचे रिंगण पाहायला लोक झाडांवर चढतात; मेंढ्यांच्या रिंगणाचे फोटो वर्तमानपत्रात येतात, लोक कौतुक करतात आणि पुढे जातात. पण त्या धावणाऱ्या मेंढ्यांकडे क्षणभर नीट पाहा. धनगराजवळ दुसरे धन नाही, म्हणून तो आपले सगळे धन देवाभोवती फिरवतो. आपल्या कोणत्याही पुस्तकाआधी हे रिंगण सांगत आले आहे की त्याचा या देवावर जुना हक्क आहे. सोन्थायमर यांनी आपल्या देवाचे वैभव वाढवले नाही, ते वाढवणारे ते कोण? त्यांनी एवढेच केले की कडेला उभा असलेला धनगर बोलत होता तेव्हा ते थांबले आणि त्यांनी ऐकले.

धनगरी ओवी अशी सहज ऐकायची गोष्ट नाही. रात्र रात्र चालते. काही चरण गातात, मग तोच भाग बोलीत कथा करून सांगतात, पुन्हा गातात. देवाचा जन्म, त्याची भटकंती, त्याचे रुसवे, मेंढ्यांच्या वाटा, डोंगर, नद्या, गावांची नावे सारे त्यात गुंफलेले. ज्याला सकाळी पाळीवर जायचे आहे त्याला ती पुरी ऐकणे जमत नाही, आणि ज्याला लवकर निकाल हवा आहे त्यालाही. तिथे मांडी घालून बसावे लागते. आपल्याला जागराची सवय आहे, हरिपाठाची आहे. पण आपल्याला आपलेच शब्द ऐकायची सवय आहे. दुसऱ्याच्या देवाची ओवी, दुसऱ्याच्या बोलीत, रात्रभर ऐकून घेणे वेगळे.

ओळखणे ही डोळ्यांची गोष्ट आहे असे आपण समजतो. गळ्यात ओळखपत्र अडकवले, कारखान्याच्या दारावर यंत्रासमोर धरले की आपण ओळखले गेलो. पण संतांच्या कथेत ओळख पटते ती कानाने. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर दगडमातीखाली गाडले गेले. पुढे नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात सगळी हाडे सारखीच. कोणती चोखोबाची? नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी लावली आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती उचलली. त्या अस्थी पंढरीला आल्या, आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली. जिवंतपणी ज्याला देवळाच्या आत घेतले नाही त्याला ओळखले ते कानाने, आणि ओळखणारा शिंपी होता. मला ही कथा कीर्तनात जेवढी ऐकावी तेवढी कमी वाटते, कारण तिच्यात ऐकणे हे केवढे मोठे काम आहे ते दिसते. नामदेवांनी हाड कानाशी लावले नसते तर त्या मजुरांतला चोखोबा मजुरांतच राहिला असता.

आता चाकणकडे वळू, कारण याच चाकणने ऐकण्याचे सगळ्यांत मोठे उदाहरण दिले आहे. संताजी महाराज जगनाडे चाकणचे. तेली, घाण्याचा व्यवसाय, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले एक. तुकोबा कीर्तन करीत आणि संताजी ते लिहून घेत. विचार करा, तुकोबांसारखा माणूस समोर उभा राहून गातो आहे. ऐकणाऱ्याने डोळे मिटून डोलावे की हातात बोरू धरावा? जो लिहितो तो थोडासा आनंद मागे ठेवतो. त्याचे लक्ष शब्द सुटू नये याकडे असते. ब्रह्मानंदाच्या पंगतीत तो वाढपी असतो, सगळ्यांच्या नंतर जेवणारा. संताजींनी तो वाटा स्वीकारला. अभंग इंद्रायणीत बुडवले आणि नदीने ते कोरडे परत दिले, ही कथा आपण सांगतो आणि सांगत राहू. पण त्या अभंगांची एक वही चाकणच्या या तेल्याच्या घरात होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, हेही तेवढ्याच आदराने सांगितले पाहिजे. विनायक लक्ष्मण भावे यांनी त्याच वहीच्या आधारे तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ छापला.

सोन्थायमर यांची संताजींशी बरोबरी करतो आहे असे समजू नका. संताजी संत होते, सोन्थायमर प्राध्यापक. त्यांच्या श्रद्धेचा हिशेब मागणे आपले काम नाही. मी फक्त दोघांच्या हाताकडे पाहतो आहे. एकाच्या हातात बोरू, दुसऱ्याच्या हातात ध्वनिमुद्रणाचे यंत्र. दोघांनीही गाणे आपले आहे असे म्हटले नाही. दोघांनीही ते सुटू दिले नाही.

आणि इथे तो ऋणाचा प्रश्न पुन्हा येतो. संताजींच्या बाबतीत तो कसा सुटला ते सुदुंबरे गावात सांगतात. तिथे त्यांची समाधी आहे. तुकोबा आणि संताजी यांनी एकमेकांना वचन दिले होते म्हणे, की जो मागे राहील त्याने आधी जाणाऱ्याला मूठमाती द्यायची. तुकोबा आधी वैकुंठाला गेले. पुढे संताजींनी देह ठेवला, लोकांनी माती लोटली, पण मुख काही केल्या झाकेना. तेव्हा तुकोबा आले, तीन मुठी माती दिली आणि समाधी पूर्ण झाली. या कथेकडे मी पुन्हा पुन्हा येतो. वैकुंठाहून गाणारा परत येतो, कशासाठी? लिहून घेणाऱ्यासाठी. शिष्याला दर्शन द्यायला नव्हे, चमत्कार दाखवायला नव्हे. ज्याने ऐकले त्याची शेवटची माती आपल्या हाताने घालायला. गाणाऱ्यालाही ऐकणाऱ्याचे ऋण असते, असे आपल्या पूर्वजांना वाटले, म्हणून ही कथा टिकली.

सोन्थायमर यांना मूठमाती कोणी दिली? मानसन्मानाच्या रूढ अर्थाने फार काही नाही. आपल्या पट्ट्यात एखाद्या चौकाला त्यांचे नाव दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि चौकाला नाव दिल्याने काय होते ते आपण रोज वाहतुकीत पाहतोच. पण दुसऱ्या रीतीने त्यांना मूठमाती मिळाली. त्यांच्या जाण्यानंतर १९९७ साली खंडोबावरचे त्यांचे विखुरलेले निबंध त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र करून छापले. २००५ साली त्यांच्या स्मरणार्थ निबंधांचा एक ग्रंथ निघाला. आणि २०१४ साली, म्हणजे ते गेल्यावर बावीस वर्षांनी, त्यांनी मुद्रित केलेल्या धनगरी ओव्यांपैकी दोन मोठ्या ओव्या, एक बिरोबाची आणि एक धुळोबाची, इंग्रजीत छापून आल्या. ते काम फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे या दोघा मराठी माणसांच्या साथीने केले. बावीस वर्षे! कोणाचे तरी अपुरे राहिलेले ऐकणे दुसऱ्या तिघांनी पुरे केले. पुरस्कार समारंभापेक्षा मला ही तीन मुठी माती मोठी वाटते.

कोणी विचारील, मग नावाचे काय? संत तर अहंकार टाका म्हणतात, आणि अभंगाच्या शेवटी मात्र आपले नाव घालतात. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. हा लोभ नाही का? मला नाममुद्रा मालकीच्या पाटीसारखी वाटत नाही. ती साक्षीदाराच्या सहीसारखी वाटते. खरेदीखताखाली साक्षीदार सही करतो तेव्हा जमीन त्याची होत नसते. तो एवढेच म्हणतो, मी होतो, मी पाहिले, उद्या कोणी विचारले तर मी उभा राहीन. तुका म्हणे म्हणजे तुका जबाबदारी घेतो. सोन्थायमर यांचे नाव पुस्तकावर आहे ते मला अशाच सहीसारखे वाटते. त्यांना नाव मिळाले याचे वैषम्य नको. पण सही साक्षीदाराची असेल तर खताचा मूळ मालक कोण, हे विसरता येत नाही. ओवी गाणाऱ्याची आहे. सोन्थायमर यांच्या नावाचा हार करून आपण थांबलो, तर त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवले तो पुन्हा कडेलाच राहील.

तो कडेचा माणूस आज कुठे आहे? आपल्या अगदी शेजारी. पूर्वी दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर खेड-मावळातून घाटाखाली जात, पावसाच्या आधी परत फिरत. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात वाडा बसवायला बोलावत. दोन-चार रात्री मेंढ्या बसल्या की रानाला खत मिळे, आणि धनगराला धान्य. हा व्यवहार कागदावर नव्हता, ओळखीवर होता. मग रानांच्या जागी औद्योगिक भूखंड आले. निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे, खालुंब्रे या गावांत ज्यांनी हे पाहिले त्यांना मी नवे काही सांगत नाही. कोणाच्या हाती पैसा आला, कोणाच्या हातून रान गेले, बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच माणसाचे झाले. मेंढ्यांच्या वाटेवर कुंपणे आली. कळप अजून दिसतात, मोठ्या रस्त्याच्या कडेने, कंटेनरच्या रांगेशेजारून, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि एखादे लहान मूल. आपण गाडीच्या काचा वर करतो.

आणि त्याच समाजाची, तशाच दुष्काळी मुलुखांची मुले आज कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत. दर काही महिन्यांनी ओळखपत्र बदलते, ठेकेदार बदलतो, कधी भिंतीवर ‘या महिन्याचा उत्तम कामगार’ म्हणून कायम कामगाराचा फोटो लागतो आणि शेजारी तेच काम करणारा कंत्राटी त्याच्याकडे पाहतो. त्यांतल्या कोणाच्या आजोबाला अख्खी रात्र पुरेल एवढी ओवी पाठ असेल, पण विचारणारा कोणी नाही म्हणून ती नातवालाही ठाऊक नसेल. मी हे कल्पनेने म्हणत असेन, पण अशक्य ते नाही. वारीत आपण प्रत्येकाला माऊली म्हणतो, नाव न विचारता एकमेकांच्या पाया पडतो. जगात असे कुठे होत असेल असे वाटत नाही. ते अठरा-वीस दिवस खरेच आपण माणसाला कानाने ओळखतो. मग आषाढी होते, काला होतो, आणि आपण भोसरीच्या, चाकणच्या, तळवड्याच्या गर्दीत परत येऊन पुन्हा ओळखपत्राने ओळखू लागतो.

म्हणून, माऊली, तुमच्या दिंडीत जर कोणी धनगर वारकरी असेल, आणि असतोच, तर या वर्षी वाखरीच्या आधी एखाद्या मुक्कामावर, हरिपाठ झाला, जेवणे झाली, जर्मनची पातेली घासून पालथी पडली की त्याच्याजवळ बसा. घरी कुठला देव आहे ते विचारा. आजा काय गायचा ते विचारा. तो आधी लाजेल, म्हणेल त्यात काय, आमचे आडाणी गाणे. तेव्हा उठू नका. आणि त्याने सुरुवात केलीच, तर दुसऱ्या कोणाला तरी जवळ बोलावून हळूच सांगा, मोबाइलवर घेऊन ठेव, आणि गाणाऱ्याचे नाव आणि गाव आधी बोलून घे.